‘आठवत नाही’ म्हटलं तर चालेल का?

प्रश्न : ताई, सक्करदऱ्याला माझं झेरॉक्सचं दुकान आहे, गाळा भाड्याचा. सप्टेंबर २०२५ मध्ये विसर्जनाच्या रात्री गाळामालकाच्या मुलानं एका पोराच्या डोक्यात लोखंडी रॉड हाणला. शटर अर्धं ओढून मी आतून पाहत होतो. मोबाइलवर थोडं शूटिंगही केलं, ते अजून कोणाला दाखवलं नाही. पोलिसांनी जबाब घेतला होता, आता कोर्टाचं समन्स आलं. मालक म्हणतात, ‘नुसतं आठवत नाही म्हण, व्हिडिओ उडवून टाक, नाही तर तुझं सामान रस्त्यावर दिसेल.’ शिवाय जबाबात रॉड उजव्या हातात होता असं लिहिलंय, ते मी सांगितलंच नव्हतं. कोर्टात वेगळं बोललो तर मीच आत जाईन का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, शेवटची भीती आधी काढून टाका. पोलिसांपुढचा जबाब शपथेवर नसतो, त्यावर तुमची सहीही नसते. उलटतपासणीत आरोपीचे वकील तो पुढे करून विचारतील. तेव्हा ‘साहेब, हात कोणता ते मी सांगितलं नव्हतं’ एवढंच सरळ सांगा. (मॅजिस्ट्रेटपुढे शपथेवर जबाब झाला असेल, तर मात्र गोष्ट वेगळी.) खोट्या साक्षीचा खटला कोणीही उठून लावू शकत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (खटले कसे चालवायचे ते सांगणारा कायदा) कलम २१५ आणि ३७९ प्रमाणे तक्रार कोर्टाकडूनच व्हावी लागते, तीही न्यायाच्या हितासाठी गरज वाटली तरच. साडेदहा की अकरा, उजवा की डावा, यावरून कोणी तुरुंगात जात नाही. सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात आयुष्य गेलं माझं. खरं बोलणाऱ्याची साक्ष तपशिलात थोडी हलतेच. पढवून आणलेला साक्षीदार मात्र आपल्या बाजूच्या वकिलाच्या प्रश्नांना धडाधड उत्तरं देतो आणि उलटतपासणीत तिसऱ्याच प्रश्नाला पढवणाऱ्याच्या तोंडाकडे पाहायला लागतो.

आता मालकांचा सल्ला. खरंच विसरलात तर तसं सांगणं गुन्हा नाही. पण डोळ्यांसमोर घडलेलं, लख्ख आठवत असताना शपथेवर ‘आठवत नाही’ म्हणणं हीसुद्धा खोटी साक्षच. भारतीय न्याय संहितेच्या (गुन्हे आणि शिक्षा सांगणारा कायदा) कलम २२९ खाली त्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. न्यायाधीशांना वाटलं तर निकालाच्या वेळीच, म्हणणं ऐकून घेऊन, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८३ खाली तीन महिन्यांपर्यंत शिक्षा देता येते. अशा शिक्षा फार कमी होतात हे खरं, पण त्या भरवशावर मी तुम्हाला खोटं बोलायला सांगणार नाही. त्या पोराच्या बाजूनं पाहणारे कदाचित तुम्ही एकटेच असाल.

व्हिडिओला हात लावू नका. कोर्टात हजर करायला लागू शकेल असा इलेक्ट्रॉनिक पुरावा तो वापरताच येऊ नये म्हणून नष्ट करणं हा न्याय संहितेच्या कलम २४१ चा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. कापाकापी नको, ग्रुपवर टाकणं नको, मोबाइल विकणं तर अजिबात नको. तपास अधिकाऱ्यांना लेखी कळवा, मोबाइल दिलात तर पंचनाम्याची प्रत घ्या. इतके दिवस का दाखवला नाही असं विचारतील. भीती वाटली, हे खरं कारण आहे, तेच सांगा.

आणि मालक? गाळा रिकामा करा म्हणून कायद्यानं नोटीस देणं वेगळं. खोटी साक्ष दे, नाही तर सामान फेकतो, हे न्याय संहितेच्या कलम २३२ मध्ये बसतं. तिथंही सात वर्षांपर्यंत कैद आहे. धमकी फोनवर आली असेल तर रेकॉर्डिंग जपा, तोंडी असेल तर तारीख, वेळ, कोण हजर होतं ते लिहून ठेवा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. जिवाची भीती असेल तर संरक्षणही मागता येतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेत जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. अर्ज कसा करायचा ते सरकारी वकील सांगतील.

सरकारी वकिलांना तारखेच्या आधीच भेटा. समन्स सोबत न्या, धमकीचं सांगा आणि तुमचा जबाब एकदा वाचायला मागा. मालकांच्या गाडीतून कोर्टात येऊ नका.