पिकअप ट्रकसाठी पहिली चिप घेताना

इंजिनाची ताकद वाढवणारी इलेक्ट्रॉनिक चिप घ्यायची म्हणतोस, तर आधी सांग, गाडी टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा असलेली) डिझेल आहे की साधी पेट्रोल? टर्बो असेल तर फरक लगेच जाणवतो. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात पैसे जवळपास वायाच. ओबीडी सॉकेटला (गाडीतले बिघाड तपासायच्या जोडणीला) लावायच्या स्वस्त डब्यांच्या नादी लागू नकोस. मी एक उघडून पाहिली होती: आत नुसते लुकलुकणारे दिवे!

सध्या एवढंच बघ:

- चिप तुझ्याच इंजिनासाठी बनलेली हवी.
- ती काढून मूळ सेटिंगवर परतता यावं. वॉरंटीच्या अटी मात्र घेण्याआधी वाच.
- क्लच घसरतोय का? मग आधी तो बदल. वाढलेला टॉर्क (इंजिनाचा फिरवायचा जोर) त्यालाच खातो.

नवखे थेट चिपचा सगळ्यात जोरदार मोड लावतात, वर मागे ओझंही लादतात. तू महिनाभर सौम्य मोडवरच चालव. बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब), रेल प्रेशर (इंधनाचा दाब) वगैरे नंतर बोलू.