तुटलेला ॲक्सल आणि खडखडणारे इंजिन

प्रश्न : ४०२ मीटरच्या ड्रॅग (सरळ रस्त्यावरच्या) शर्यतीत क्लच सोडताच माझ्या मोटारीचा उजवा ॲक्सल, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, तुटला. इंजिन क्षणभर किंचाळले आणि तेव्हापासून खडखडते आहे. गॅरेजवाले ॲक्सलला वेल्डिंग सुचवतात. काय करावे? – एक वाचक, परळ

उत्तर : वेल्डिंग मुळीच करू नका. ॲक्सलच्या पोलादाला उष्णतेची प्रक्रिया देऊन बळकटी आणलेली असते. वेल्डिंगच्या आचेने ती जाते आणि पुढच्याच शर्यतीत तो जोडाशेजारी तुटू शकतो. तुटलेले तोंड पुसून उजेडात नीट पाहा. एका बाजूस गुळगुळीत, शिंपल्यावर असतात तशा कमानदार रेषा आणि उरलेला भाग खरखरीत दिसला, तर तडा जुना होता असे समजावे. मग डावा ॲक्सलही बदलावा. कुर्ल्याच्या बाजारातला जुना ॲक्सल स्वस्त पडेल, पण शर्यतीसाठी मी तो घेणार नाही.

इंजिनाची मला अधिक काळजी वाटते. ॲक्सल तुटताच भार एकाएकी नाहीसा होतो, इंजिन मर्यादेपलीकडे फिरते, झडपा वेळेवर मिटत नाहीत आणि पिस्टनवर आपटून वाकतात. म्हणून ते पुन्हा सुरू करू नका. ऑइल काढून ऑइल फिल्टर कापा. त्याच्या कागदाच्या घड्यांत धातूची चमक दिसली, तर बेअरिंग गेले असण्याची दाट शक्यता आहे, आणि तसे असल्यास इंजिन पूर्ण उघडून क्रँकशाफ्टची, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याची, मायक्रोमीटरने मापे घ्यावी लागतील. पुन्हा जोडताना पिस्टन आणि क्रँकशाफ्ट यांना जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे बोल्ट मात्र नवेच घाला.