आई आणि लहान मुलांना घेऊन ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमध्ये (आतल्या ओसाड भागात) नदीकाठी तंबूत राहणं शहाणपणाचं आहे का? सोबत काय न्यावं आणि टॉयलेटचं काय?

आहे. आई सोबत असेल तर जास्तच. या प्रश्नावरून आमच्या घरात तीन वर्षं धुसफूस चालू आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आम्ही ब्रिस्बेनला असतो. जुलैच्या सुट्टीत आम्ही दोघं, दोन मुलं आणि भारतातून आलेल्या सासूबाई, वय 69, क्वीन्सलँडच्या पश्चिमेकडच्या विंडोरा या छोट्या गावाला निघालो. रोमा, चार्लव्हिल, क्विल्पी करत साधारण 1200 किलोमीटर. आदल्या रात्री पुण्याहून थोरल्या दिरांचा फोन. "आईला रानावनात कशाला नेता? आठ दिवस नीट काहीतरी दाखवा." नीट म्हणजे मॉल.

सासूबाई सांगलीकडच्या, कृष्णाकाठी वाढलेल्या. विंडोराच्या वरच्या अंगाला थॉमसन आणि बार्कू या दोन नद्या एकत्र येतात आणि पुढच्या पाण्याला म्हणतात कूपर क्रीक. "दोन नद्यांचा संगम आणि नाव ओढा?" हे त्यांना अजून पटलेलं नाही. पाणी मात्र बघताक्षणी ओळखीचं वाटलं. जास्त दूध घातलेल्या चहासारखं, गढूळ.

ह्यांनी गाडी थेट एका मोठ्या रेड गमच्या (निलगिरीच्या जातीचं झाड) सावलीत लावली. शेजारच्या कॅरव्हॅनमधले आजोबा उठून आले आणि म्हणाले, हलवा. या झाडाची फांदी वारा नसतानाही मोडून पडते. हलवली.

दुसऱ्या रात्री पाऊस आला. फार नाही, पण तिथली काळी माती आपल्या रेगडासारखीच. सकाळी चपलेला दोन-दोन किलो चिखल. डांबरी रस्ता समोर दिसत होता, पण मधल्या पट्ट्यात गाडी घालायची सोय नव्हती. आजोबा म्हणाले, ऊन पडू दे, वाट नासवू नका. दोन रात्रींच्या चार झाल्या. आम्ही पाणी नेलं होतं 60 लिटर, त्यातलं निम्मं ह्यांनी पहिल्याच दिवशी पोरांचे पाय आणि गाडीची काच धुण्यात घालवलेलं.

तेव्हा सासूबाईंनी सुपारीच्या डब्यातून तुरटी काढली. निघताना ह्यांनी त्या तुरटीची भरपूर टिंगल केली होती, "आई, इथे पाणी बाटलीत मिळतं." त्यांनी बादलीत खडा चार वेळा फिरवला आणि झाकून ठेवला. सकाळी तळाला चार बोटं गाळ, वर नितळ पाणी. ते अलगद काढलं, फडक्यातून गाळलं, खळखळून उकळलं. त्याच पाण्यात कुकरला खिचडी लागली. (कॅम्पिंगला कुकर कशाला, हाही ह्यांचाच प्रश्न. गॅस वाचतो म्हणून.) आजोबा बादली बघायला आले आणि तुरटीचा तुकडा मागून घेऊन गेले.

याच कूपरच्या काठी, पण बरंच खाली इनामिंका गावाकडे, 1861 मध्ये बर्क आणि विल्स हे शोधप्रवासी उपासमारीने गेले. नार्डू नावाच्या वनस्पतीचं पीठ पोटभर खात होते, पण ते नीट तयार कसं करायचं हे माहीत नव्हतं, त्यामुळे अंगी लागेना. त्यांचा सोबती किंग तेवढा वाचला, कारण तिथल्या यांद्रुवांधा लोकांनी त्याला आपल्यात घेऊन सांभाळलं. नदीकाठी जन्म गेलेल्या माणसाचं ऐकावं. भाऊजी हे वाचणार आहेतच, म्हणून मुद्दाम लिहिते.

बाकी सामानाची यादी कुठेही मिळेल. माझं एवढंच: माणशी दिवसाला सात लिटर पाणी, दोन दिवसांचा जादा शिधा, आणि ड्रोन घरी. जुलैत रात्री कडाक्याची थंडी असते, आईंना दोन गोधड्या आणि जमिनीवरची गादी नको, खाट द्या. मोबाइलच्या रेंजचा भरवसा नसतो, पीएलबी (संकटात उपग्रहामार्फत आपला ठावठिकाणा कळवणारं छोटं यंत्र) घ्याच.

आता राहिलेलं. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, उकळायलाच हवं. पाण्यावर हिरवी-निळी साय दिसली तर उकळूनही पिऊ नका, ते विष उकळून जात नाही. पावसानंतर कच्चा रस्ता बंद केलेला असेल तर त्यावर गाडी घालू नका, दंड जबर आहे. आणि मी सांगतेय ते कूपरचं. उत्तरेला गल्फकडच्या (कार्पेंटेरियाच्या आखाताकडच्या) नद्यांत मगरी आहेत, तिथे पाण्यापासून निदान 50 मीटर लांब राहायचं आणि भांडी घासायलाही काठावर जायचं नाही. तिथे आईंना नेऊ नका. झालं, भाऊजी? एवढं मान्य.

टॉयलेटचं: फावडं, पाण्यापासून 100 मीटर लांब, वीतभर खोल खड्डा, वर माती. गुडघे दुखत असतील तर घडीची कमोड खुर्ची मिळते. आम्ही नेली होती. सासूबाई तिच्यावर बसून मटार सोलायच्या आणि फावडं घेऊन झुडपाआड जायच्या.