वाडीचा हॉल गोदामाला द्यावा का?

प्रश्न : आमच्या वाडीचा हॉल मुंबई मंडळाची वर्गणी आणि गावच्या श्रमदानातून उभा राहिलाय, ट्रस्ट रजिस्टर आहे. आम्ही चार जण फुकटात सगळं बघतो. वाडीतल्यांना हॉल फुकट, पण लाइटबिल, साफसफाई, हरवलेली भांडी आमच्या गळ्यात. आता एक आंबा व्यापारी ५ वर्षांसाठी गोदामाला मागतोय, भाडं चांगलं देतोय. देऊ का? – एक वाचक, ता. संगमेश्वर

उत्तर : दादा, देऊ नका. आंब्याचा सीझन एप्रिल-मे, लग्नसराई पण तेव्हाच आणि चाकरमानी पण तेव्हाच गावाला येणार, म्हणजे वाडीला हॉल खरंच लागतो तेव्हा आत पेट्या नि पेंढा, आणि हळदीला लोकांनी अंगणात मंडप घालायचा, मग ज्यांनी डोक्यावरून चिरे वाहिले त्यांना काय सांगणार तुम्ही? शिवाय ट्रस्टची इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या लीजवर द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी घ्यावी लागते (१९५० चा कायदा, कलम ३६), नुसत्या मीटिंगच्या ठरावावर भागत नाही.

पण फुकट देणं मात्र थांबवा. मीटरचं रीडिंग आधी नि नंतर दोघांनी मिळून बघायचं, त्याचे पैसे वेगळे, वर झाडलोटीचे आणि पावसाआधी पत्र्याच्या डागडुजीसाठी थोडे. वाडीतल्यांना कमी दर, बाहेरच्यांना जास्त, यात वाईट वाटून घेऊ नका. बाराव्या-तेराव्याला मात्र काही घेऊ नका, दुःखात असलेल्या घराकडे पावती बुक घेऊन जाणं मला तरी पटत नाही.

भांड्यांसाठी डिपॉझिट घ्याच. टोप किती, पराती किती, सतरंज्या किती ते वहीत लिहून नेणाऱ्याची सही. आमच्याकडे टोप कधी हरवले नाहीत, जायचे ते झारे आणि वाढायचे डाव, आचाऱ्याच्या सामानात चुकून जातात, म्हणून मोजणी आचारी निघायच्या आधी करायची, दुसऱ्या दिवशी सकाळी करून उपयोग नाही. पावतीशिवाय एक रुपया घेऊ नका, ३१ मार्चला हिशोब बंद करताना तेच कामाला येतं आणि वाडीत कोणी बोट दाखवत नाही.

लग्नासाठी बुकिंग आलं की दोघांच्या वयाचे दाखले बघा, मुलगी १८ पूर्ण, मुलगा २१ पूर्ण. ओळखीचं घर असलं तरी बघा. २००६ च्या कायद्यात बालविवाह लावणाऱ्याला आणि त्याला साथ देणाऱ्यालाही २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एका पोरीचं आयुष्य आहे ते. रात्री १० नंतर बाहेर स्पीकर नको, बंद हॉलच्या आत आतल्यांपुरता चालतो, पण दारं उघडी टाकून डीजे लावला तर तो आतला राहत नाही.

तुम्ही चौघं करताय ते मोठं काम आहे, मनापासून सांगतो, पण चौघांवरच ठेवलंत तर दोन वर्षांत थकाल. चावी दर महिन्याला वेगळ्या घरी द्या, वही चावीबरोबरच फिरू दे. शिमग्याला सगळे मुंबईकर गावात असतील तेव्हा मीटिंग लावा, दरपत्रक तिथेच ठरवा आणि हॉलच्या दाराला चिकटवा.