सुचत नाही म्हणतेस, त्यावर

भुसावळ, वैशाख

पोरी,

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आलीस आणि "आप्पा, सुचतच नाही काही" एवढं बोलून झोक्यावर जाऊन बसलीस. माझे हात आमरसात होते, म्हणून उत्तर राहून गेलं.

सुचण्याची वाट मी पंधरा वर्षं पाहिली. मधेच एक कादंबरी लिहिली, तीही मुंबईवर. मुंबई म्हणजे दादरचा फलाट, एवढीच मला ठाऊक. आमची माय मला 'आंडोर' म्हणायची, कादंबरीतली आई मात्र 'बाळा' म्हणत होती. वाचून मित्र म्हणाला, "यातली माणसं जेवत नाहीत का रे?" खरंच, तीनशे पानांत कुणी भाकरीचा तुकडा मोडला नव्हता.

बहिणाबाईंना देणगी होती, असं म्हणून आपण सुटतो. होतीच. पण रोजचं जातंही होतं ना! हात दळणात, मन मोकळं, आणि घरात दळण रोजचंच. लिहिता येत नव्हतं, म्हणून ओळी त्यांचा मुलगा सोपानदेव आणि पितांबर चौधरींनी उतरवून घेतल्या. पुस्तक निघालं १९५२ साली, त्या गेल्यावर. तू तर सकाळी लिहिलेलं संध्याकाळपर्यंत दहा मैत्रिणींना पाठवतेस. आठ दिवस लिहिलेलं कुणाला दाखवलं नाहीस तर काय बिघडेल?

साने गुरुजी अमळनेरला वसतिगृहातल्या मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढायचे. दैनिक, बरं का. आज सुचलं नाही, अशी सवलत त्यात नसते.

तर पहाटे, ऊन तापायच्या आत, एक पान. फोन दुसऱ्या खोलीत. काही नसेल तर नळावरचं भांडण लिही, केळीचा भाव लिही. वाईट लिहिलं जाईल, जाऊ दे.

दुसरी एक छोटी वही पिशवीत ठेव, फक्त कानावर पडलेल्या बोलण्यासाठी. एस.टी. स्टँड, दवाखान्याची रांग, लग्नाचा मांडव. माणूस जसं बोलला तसंच उतरव. अहिराणी असेल तर अहिराणी, लेवा बोली असेल तर ती. पुण्यात राहतेस म्हणून धुऊन-पुसून घेऊ नकोस. 'काय करी ऱ्हायना' मधला 'ऱ्हायना' गेला की तो माणूसही गेला.

माझ्या वहीत रावेरकडचं एक वाक्य आहे. वादळानं केळीची बाग पार आडवी झालेली. बांधावर बसलेला म्हातारा तंबाखू मळत म्हणाला, "चला, कापणीची मजुरी वाचली." भोवतालचे हसले. तो हसला नाही.

चार वर्षं ते वाक्य सांभाळून आहे, पण मला त्याची गोष्ट जमली नाही. तुला देतो. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर म्हातारीनं त्याला काय विचारलं असेल, एवढंच लिही. आणि हो, तिला जेवायला वाढू दे.

तुझा,
आप्पा