वॉटरफॉलवर रेषा दिसतात, पण एफटी८ डिकोड होत नाही, काय तपासावे?

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरील फ्लॅटच्या बाल्कनीत लावलेल्या वायर अँटेनावर संकेत वॉटरफॉलवर, म्हणजे संकेत दाखवणाऱ्या सरकत्या आलेखावर, स्पष्ट दिसत असूनही डब्ल्यूएसजेटी-एक्स या संगणक प्रोग्रॅममध्ये एकही कॉलसाइन (स्थानकाचे ओळखनाव) उमटत नाही, असे आपण लिहिले आहे. अशा वेळी दोष अँटेनात शोधण्याआधी संगणकाचे घड्याळ पाहावे. एफटी८ या हौशी रेडिओच्या डिजिटल मोडमध्ये प्रत्येक प्रक्षेपण १५ सेकंदांच्या ठरलेल्या खिडकीत होते, त्यामुळे घड्याळ दोन-अडीच सेकंदांहून अधिक मागे-पुढे असेल, तर कितीही जोरकस संकेत असला तरी तो वाचला जात नाही. विंडोजची आपोआप होणारी वेळजुळणी बऱ्याचदा पुरेशी ठरत नाही. इंटरनेटवरून अचूक वेळ घेणारा वेगळा एनटीपी प्रोग्रॅम बसवलेला बरा. डिकोड सुरू झाल्यावर ‘डीटी’ (वेळेतील फरक, सेकंदांत) रकाना पाहावा: सर्वच स्थानकांपुढे एकाच दिशेचा मोठा आकडा येत असेल, तर चूक त्यांची नसून आपल्या घड्याळाची असते.

दुसरे म्हणजे, ४० मीटर बँडवर बोलण्यासाठी एलएसबी (लोअर साइडबँड) वापरण्याची सवय असली, तरी येथे रेडिओ यूएसबीवरच (अपर साइडबँड) ठेवावा लागतो. रेडिओतून प्रोग्रॅममध्ये येणाऱ्या ऑडिओची पातळी बँड शांत असताना ३० डेसिबलच्या आसपास असावी.

सोसायटीतील एलईडी दिवे आणि लिफ्टचे ड्राइव्ह यांचा गोंगाट मात्र खराच त्रासदायक असतो. तरीही २५०० हर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाटापेक्षा सुमारे २० डेसिबल खालचा संकेतही हा मोड वाचतो. प्रक्षेपण करताना रेडिओवरील एएलसीचा (जादा ऑडिओ आपोआप दाबणारी यंत्रणा) मीटर हलणार नाही इतकाच ऑडिओ द्यावा आणि प्रोग्रॅममध्ये ग्रिड, म्हणजे आपल्या ठिकाणाचा नकाशा-संकेतांक, एमके६९ भरावा.