बुडखा उपटायचा नाही

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पाचट न जाळता, नांगर न घालता ऊस करायचा म्हणून जमवलेला तेराजणांचा गट. त्यातल्या चौघांनी या हंगामात पाचट, म्हणजे तोडीनंतर रानात पडलेला उसाचा वाळला पाला, पेटवलं आणि दोघांनी त्यावर रोटरही, माती बारीक करणारं ट्रॅक्टरमागचं यंत्र, मारला. उरलेल्यांना धरून ठेवायला शेतकरी उत्पादक कंपनी नोंदवावी की अनुदानातून पाचट कुट्टी यंत्र घ्यावं, असं तू विचारतेस. या वर्षी दोन्ही नको. उत्पादक कंपनीला दहा सभासद पुरतात, तेवढ्या सह्या तू एका सकाळी दूध संस्थेच्या दारात उभी राहून गोळा करशील. ऊस तुटल्यावर काडी न लावणारे दहाजण जमायला मात्र तीन हंगाम जातात.

त्या चौघांवर चिडू नकोस. ते नेमके कधी ढिले पडले ते विचार. बहुतेक दोनच वेळा असतात. पहिली, तोड झाल्यानंतरचे आठ दिवस. गुडघाभर पाला पडलेला असतो, बुडखे, म्हणजे तुटलेल्या उसाचे जमिनीतले खुंट, दिसत नाहीत आणि बांधावरनं जाणारा प्रत्येकजण ‘रान पडीक टाकलं काय रं?’ म्हणतो. दुसरी, महिन्या-सव्वा महिन्यानं त्या बुडख्यांतून फुटलेला ऊस, म्हणजे खोडवा, पिवळा दिसायला लागतो ती. गट या दोन वेळी शेजारी उभा राहायला असतो. शिक्का, लेटरहेड, अभ्यास सहल हे सगळं नंतर.

आणि मूळ जागेवर राहू दे. हे तू गटात शंभरदा सांगितलं असशील, तरी मी पुन्हा सांगणार. मूळ जागेवर कुजतं तिथं मातीत नळी उरते. तिच्यातून हवा आणि पाणी खाली जातं, पुढच्या पिकाचं मूळ तीच वाट धरतं. बुरशीचे धागे मातीचे कण बांधून ठेवतात. रोटर हे सगळं एका फेरीत मोडतो आणि पात्यांच्या खाली, चार-पाच इंचांवर, चोपून थर तयार करतो. वर पीठ, खाली फरशी. त्या पिठाला आमच्या पिढीनं ‘झकास मशागत’ म्हटलं आणि पहिल्या वळवानं ते ओढ्याला नेलं तेव्हा पावसाला शिव्या घातल्या. पंचगंगेला पूर आला की पाणी तांबडं का होतं, हे आम्हाला दिसत नव्हतं असं नाही.

आता पाचटाचं, कारण गट इथंच फुटतो. एकरी तीन ते चार टन वाळलं पाचट निघतं. ते सरीत ओढायचं आणि बुडखे उघडे करायचे. पाल्याखाली दबलेल्या बुडख्याचे फुटवे पांढरे आणि लुळे निघतात. मग धारदार कोयत्यानं बुडखे जमिनीसपाट छाटायचे. दोन इंच वर ठेवले तर वरचे डोळे फुटतात, त्या फुटव्यांना स्वतःचं मूळ धरता येत नाही आणि ऊस पुढं लोळतो. छाटलेल्या बुडख्यांवर बुरशीनाशकाची फवारणी त्याच दिवशी. सरीतल्या पाचटावर एकरी 32 किलो युरिया, 40 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 4 किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकायचं आणि लगेच पाणी द्यायचं. युरिया पाल्यावर उघडा पडून राहिला की त्यातला नत्र उडत जातो, मग माणूस म्हणतो ‘औषध लागू पडलं नाही’.

पिवळेपणाचं कारण यातच आहे. पाचटात कर्ब फार, नत्र जेमतेम अर्धा टक्का. कुजवणारे जिवाणू स्वतःच्या पोटासाठी जमिनीतला नत्र उचलतात आणि ऊस तेवढे दिवस उपाशी राहतो. वरचा युरिया त्या जिवाणूंसाठी, उसासाठी नव्हे. हे वाक्य गटात मोठ्यानं वाच. उसाचा वाटा वेगळा, आणि तो पाल्यावर फेकायचा नाही. पहारीनं बुडख्यापासून 10 ते 15 सेंटिमीटरवर, 15 ते 20 सेंटिमीटर खोल भोक पाडायचं आणि फूट-फूट अंतरावर खत घालून ते बुजवायचं. पहिला हप्ता तोडीनंतर 15 दिवसांच्या आत सरीच्या एका अंगाला, दुसरा 135 दिवसांनी दुसऱ्या अंगाला. एकट्याला ही पहार जड जाते. दोघं पहार मारणारे आणि दोघं खत टाकणारे असा पैरा, आळीपाळीनं एकमेकांच्या रानात राबायचा, बांधला तर सोपी पडते. तेराजण असून तुम्ही पैरा करत नसाल तर तो गट नव्हे, व्हॉट्सअ‍ॅपवरची यादी आहे. बरं वाटलं नाही ना? वाटू नयेच.

ऊसतोड टोळीच्या मुकादमाशी बोलणं टोळी फडात उतरायच्या आधी व्हायला हवं: बुडाला टेकून तोड, आणि काडी नको. एकट्या शेतकऱ्याचं टोळी ऐकत नाही, तेराजणांचं लागोपाठचं शिवार असेल तर ऐकते. वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जनावरांना जाऊ दे, त्यावरून भांडू नका. शेजारचा फड पेटणार असेल तर तुमच्या बांधाच्या आत सहा फुटांचा पट्टा पाला ओढून मोकळा ठेवा. भरलेली ट्रॉली ओल्या रानात हवी तिथं फिरू देऊ नका, येण्याजाण्याची एकच वाट ठरवा. नांगर बंद केला आणि चाकानं सगळं रान चेपलं, तर दोष बिननांगरणीच्या माथी येतो.

या प्रयोगाला प्रत्येकानं दहा गुंठेच द्यायचे. जास्त देतो म्हणणाऱ्यालाही अडव. दहा गुंठ्यात चुकलं तर घरात भांडण होतं, दोन एकरात चुकलं तर तो माणूस गावभर तुमच्याविरुद्ध बोलत फिरतो.

पटवायचं कसं, हेही विचारलंयस. भाषणानं नाही. सहा इंची पाईपचा फूटभर तुकडा घे. तो रोटरच्या रानात तीन-चार इंच ठोक, आत साडेचारशे मिलीच्या आसपास पाणी ओत आणि घड्याळ लाव. तेवढं पाणी म्हणजे एक इंच पाऊस. मग तोच तुकडा पाचट ठेवलेल्या दहा गुंठ्यात ठोक. आधी दोन्हीकडं एकेकदा पाणी जिरवून घे आणि दुसऱ्या वेळचीच वेळ धर, नाहीतर कोरडी जमीन खोटं सांगते. दुसरं, दोन्हीकडची सुपारीएवढी वाळलेली ढेकळं जाळीवर ठेवून काचेच्या ग्लासातल्या पाण्यात सोड. रोटरच्या रानातलं ढेकूळ डोळ्यांदेखत विरतं, ग्लास चहासारखा होतो. मुळांनी बांधलेलं तसंच बसून राहतं, कडेनं बुडबुडे तेवढे सोडतं. त्या चौघांना बोलाव, ग्लास त्यांच्याच हातात दे आणि गप्प बस.

ब्राझीलच्या पराना राज्यात 1972 साली हर्बर्ट बार्ट्झ या शेतकऱ्यानं नांगर थांबवला, तो पावसात माती वाहताना बघून. पुढं तिथल्या शेतकऱ्यांनी गांडुळाच्या नावानं मंडळं काढली आणि एकमेकांची रानं बघत हे पसरवलं. अर्जेंटिनातली अशी संघटना 1989 सालची. तेवढं लांब कशाला, कोल्हापुरातच प्रताप चिपळूणकर वर्षानुवर्षं हेच करून दाखवताहेत, आणि नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांनी गादीवाफा न मोडता भात घेऊन दाखवला. माहिती कमी पडली असं आपल्याला म्हणता येत नाही.

उसाची मुळं खाणाऱ्या हुमणी अळीचं लक्षात ठेव. विरोध करणारा पहिल्यांदा तेच काढतो, ‘नांगरट नाही म्हणून अळी वाढली’. त्यात थोडं खरं आहे, नांगरामागं बगळे अळ्या टिपतात. पण वळवाच्या पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर येतात, तेव्हा फांद्या हलवून ते गोळा करायचे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. एकानं करून उपयोग शून्य, शेजारच्याचे भुंगेरे तुझ्या रानात अंडी घालतात. सगळ्या शिवारानं एकाच आठवड्यात केलं तरच फरक दिसतो. गट कशाला हवा, याचं उत्तर माझ्या मते कंपनीच्या कागदांपेक्षा या झाडाखाली आहे.

खोडव्यानंतरचा निडवा संपल्यावरही बुडखा उपटायचा नाही. फुटवा येईल तसा जमिनीसरशी कापत राहायचं. ते कंटाळवाणं काम आहे, दोन-तीनदा करावं लागतं. ग्लायफोसेट या तणनाशकाचा सोपा रस्ता मला माहीत आहे, पण 2022 च्या केंद्राच्या आदेशानं ते फक्त परवानाधारक कीड नियंत्रकांकडून मारायचं ठरलं, तेव्हा स्वतः पंप पाठीवर घेऊ नकोस. याबाबतीत मला दोन्हीकडून बोलणी बसतात. सेंद्रियवाले म्हणतात तणनाशकाचं नावच का घेतोस, बाकीचे म्हणतात मग नांगरच मार की. मला रोटर जास्त मोठं विष वाटतं, आणि या हेकटपणापायी काही माणसं दुरावली हेही मान्य आहे. मूळ उपटून ती परत येणार असतील तर नकोत.

तुझ्या मामाचं शिरोळकडचं क्षारपड रान मात्र यात ओढू नकोस. तिथं आधी निचरा, चर नाहीतर सच्छिद्र पाईप, मग बाकीचं. साचल्या पाण्यावर पाचट घातलं तर मूळ कुजतं आणि नाव आपलं खराब होतं. गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. एकाच जिल्ह्यात एकच कृती चालेल कशी? गटातली भुदरगडची ती दोघं उतारावर आहेत. त्यांना समपातळीतल्या बांधावर वाळ्याचं गवत लावायला सांग, नाचणी कापताना धाटं बुडापासून कापायला सांग, उपटायला नको.

नोंदवही मात्र आजच सुरू कर. नांगरट, रोटर, सरी यांचं भाडं ज्याचं वाचलं, त्याच्या नावापुढं तो आकडा तारखेसह लिही. पिवळा पडला तो दिवस लिही, हिरवा झाला तो दिवसही लिही. पुढच्या वर्षी त्याच तारखेला कुणी घाबरला की पान उघडून समोर धर.

तोड कधी संपते ते कळव. त्या आठवड्यात येतो. पाईपचा तुकडा तू कापून ठेव, सहा इंचीच, आणि खालची कड घासून धार लाव, नाहीतर काळ्या रानात ठोकताना फुटेल.